भायखळा-परळची १९३७ची लढत

फेब्रुवारी १९३७मध्ये मुंबई प्रांतिक विधानसभेसाठी मतदान झाले, तेव्हा मुंबई शहरातील भायखळा-परळ मतदारसंघात अस्पृश्यांसाठी एक जागा राखीव होती. त्या जागेवर स्वतंत्र मजूर पक्षाचे डॉ. भीमराव आंबेडकर उभे होते. काँग्रेसने त्यांच्याविरुद्ध बाळू पालवणकर यांना उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. दोन हजार वीस मतांनी बाळू पडले. आंबेडकर-चरित्रांत या लढतीची नोंद बहुधा एखाद्या वाक्यात उरकली जाते आणि क्रिकेटच्या पुस्तकांत बाळूंची गोष्ट चेंडू खाली ठेवताच संपते. दोन्हीकडून दुर्लक्षिली गेलेली ही निवडणूक महत्त्वाची आहे, कारण पाच वर्षांपूर्वी येरवड्यात कागदावर ठरलेली राखीव जागांची व्यवस्था प्रत्यक्ष चालते कशी, हे तिथे दिसले. शिवाय पुणे करारावर सही करणारे दोघे जण त्याच कराराने निर्माण केलेल्या जागेसाठी एकमेकांसमोर उभे होते.

पालवणकर हे आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून आले. घराणे चांभार समाजाचे. बाळूंचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात धारवाडला झाला. वडील सैन्याच्या नोकरीत होते, त्यामुळे कुटुंब पुण्यात येऊन राहिले. लष्कराची छावणी हे त्या काळात कोकणातल्या आणि देशावरच्या अनेक अस्पृश्य कुटुंबांसाठी गावगाड्याबाहेर पडण्याचे मुख्य दार होते. आंबेडकरांचे वडीलही सैन्यातच होते, सुभेदार. छावणीत रोख पगार मिळे, मुलांना थोडेफार शिकता येई आणि साहेबांचे खेळ डोळ्यांसमोर चालत. बाळू आणि त्यांचे भाऊ अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर क्रिकेट शिकले.

बाळूंची पहिली नोकरी पुण्याच्या पारशी क्रिकेट क्लबात लागली. काम खेळपट्टी झाडण्याचे आणि रोलर फिरवण्याचे, पगार महिना तीन रुपये. पुढे ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तिथे जाळी लावणे, खेळपट्टी तयार करणे आणि फावल्या वेळात साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकणे हे त्यांचे काम. कॅप्टन ग्रेग हा त्या काळचा नावाजलेला फलंदाज. तो रोज इतरांच्या आधी मैदानावर येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी आणि आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे देई, अशी हकीकत सांगितली जाते. आकडा खरा असो वा नसो, डाव्या हाताची मंदगती फिरकी बाळूंनी अशीच तासन्‌तास टाकून घोटली, एवढे खरे. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही. फलंदाजी साहेबांनी करायची, गोलंदाजी नोकराने.

पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते आणि बाळूंशिवाय ते जमणार नव्हते. तिथे वादावादी झाली, अखेर त्यांना संघात घेतले गेले. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाची वेळ झाली की सवर्ण खेळाडूंना तंबूत चिनी मातीच्या कपांतून चहा मिळे आणि बाळूंना बाहेर, साध्या मातीच्या भांड्यातून. हात-तोंड धुवायला पाणी लागले तर ते अस्पृश्य नोकराकडून कोपऱ्यात आणून दिले जाई.

प्लेगच्या सुमारास बाळू मुंबईला आले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याने काही सभासदांचा विरोध बाजूला सारून त्यांना खेळवले. १९०६मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंच्या आठ बळींचा मोठा वाटा होता. धाकटे भाऊ शिवराम हेही त्याच संघात होते. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’सारख्या पत्राने या विजयाचा धागा पकडून लिहिले, की मैदानावर जात विसरता येते तर घरी का नाही? १९११मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. तेवीस सामन्यांपैकी पंधरा हरलेल्या या संघात बाळूंनी एकट्याने ११४ बळी घेतले. एकूण प्रथम श्रेणी कारकिर्दीत ३३ सामन्यांत १७९ बळी आणि १५.२१ची सरासरी, हे आकडे आजही कोणत्याही फिरकी गोलंदाजाने मिरवावेत असे आहेत. इंग्लंडहून परतल्यावर मुंबईच्या दलित समाजाने त्यांचा जाहीर सत्कार केला. या सत्काराशी त्या वेळी कॉलेजात शिकणाऱ्या तरुण आंबेडकरांचे नाव जोडले जाते. त्या पिढीतल्या दलित तरुणांना सवर्णांच्या बरोबरीने नव्हे, तर त्यांच्यापेक्षा वरचढ ठरलेला आपला माणूस म्हणून दाखवायला बाळूंइतके ठळक नाव दुसरे नव्हते.

कर्णधारपद मात्र त्यांना कधीच मिळाले नाही. मुंबईत वेगवेगळ्या समाजांच्या संघांत होणाऱ्या तिरंगी आणि पुढे चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचा प्रमुख गोलंदाज वर्षानुवर्षे बाळू, आणि कर्णधार दर वर्षी उच्चवर्णीय. १९१३मध्ये कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी स्वतःच बोलून दाखवले, की हा मान बाळूंचा होता. १९२०मध्ये प्रकरण चिघळले. बाळूंना वगळले गेले, त्यांच्या भावांना डावलून कर्णधारपद दुसरीकडे देण्याचे घाटले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले आणि त्याची कारणे जाहीर निवेदनात मांडली. वर्तमानपत्रांतून वाद पेटला. तडजोड म्हणून बाळूंना परत घेऊन उपकर्णधार केले गेले आणि कर्णधार पै मैदानाबाहेर गेले तेवढा वेळ संघ बाळूंच्या हाताखाली खेळला. तीन वर्षांनी विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी १९२३ची चौरंगी जिंकली. पालवणकर बंधूंनी यातून काढलेला निष्कर्ष सरळ होता: हिंदू समाजात राहून, गुणांच्या जोरावर आणि वेळप्रसंगी जाहीर भांडून जागा मिळवता येते, उशिरा का होईना. बाळूंचे पुढचे सगळे राजकारण या एका अनुभवावर उभे आहे.

आंबेडकरांचा अनुभव उलटा होता. १९२७चा महाडचा सत्याग्रह आणि १९३०पासून नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे वर्षानुवर्षे चाललेला सत्याग्रह, दोन्हीकडे दार उघडले नाही. गोलमेज परिषदेत त्यांनी अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ मागितले. मद्रासचे अस्पृश्य नेते एम. सी. राजा यांनी १९३२च्या आरंभी हिंदुमहासभेच्या डॉ. मुंजे यांच्याशी करार करून संयुक्त मतदारसंघ आणि राखीव जागा ही उलटी भूमिका घेतली. बाळू राजांच्या बाजूला होते. ऑगस्ट १९३२मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांच्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले, २० सप्टेंबरला गांधींनी येरवडा तुरुंगात आमरण उपोषण सुरू केले आणि मुंबई-पुण्यात वाटाघाटींची धावपळ उडाली. आंबेडकरांनी तडजोडीला यावे म्हणून त्यांच्याशी बोलणाऱ्यांत राजा आणि बाळू होते. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. सह्या करणाऱ्यांत मालवीय, राजगोपालाचारी, आंबेडकर, राजा यांच्या बरोबर पी. बाळू हेही नाव आहे.

करारातल्या दोन गोष्टींवर पुढची निवडणूक उभी राहिली. एक, स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि राखीव जागा निवाड्यातल्या जागांच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे सर्व प्रांतांत मिळून १४८ झाल्या. मुंबई प्रांताच्या वाट्याला, सिंध धरून, त्यातल्या पंधरा. दुसरी गोष्ट जास्त गुंतागुंतीची. राखीव जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत चार उमेदवारांची निवड करायची आणि त्या चौघांतून एकाला मग सर्व हिंदू मतदारांनी मिळून निवडायचे. पहिल्या फेरीत अस्पृश्यांचा शब्द, शेवटच्या फेरीत बहुसंख्याकांचा. आंबेडकरांच्या चाहत्यांना तेव्हापासून भीती होती, की चौघांत चौथा आलेला, पण सवर्णांना चालणारा माणूस शेवटी निवडून जाईल.

या भीतीला बाळूंचे नाव चपखल बसत होते, आणि तो त्यांचा दोष नव्हता. सवर्ण हिंदूंना ते माहीत होते, आवडत होते. चौरंगी सामन्यांना मुंबईत हजारोंची गर्दी होई आणि हिंदूंच्या विजयात बाळूंचा वाटा किती, हे गिरगावातल्या शाळकरी पोरांनाही पाठ असे. अस्पृश्यांतला ‘आपला’ नेता शोधणाऱ्या संघटनांचे लक्ष त्यांच्याकडे जाणे स्वाभाविक होते. १९३३मध्ये हिंदुमहासभेने त्यांना मुंबई महापालिकेच्या निवडणुकीला उभे केले. ते पडले. क्रिकेटमधली लोकप्रियता मतपेटीत उतरत नाही, याचा हा पहिला धडा होता, पण तो काँग्रेसने घेतला नाही.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत आंबेडकरांनी हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. बाळूंनी धर्मांतराला विरोध केला. मंदिरप्रवेशाला, अस्पृश्यता निवारणाला, राखीव जागांना त्यांचा पाठिंबा होता, पण धर्म सोडणे त्यांना मान्य नव्हते. इथपर्यंत दोघांत जे अंतर होते ते मार्गाचे होते. येवल्यानंतर ते मुक्कामाचेही झाले.

ऑगस्ट १९३६मध्ये आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नावात अस्पृश्यांचा उल्लेख नव्हता, हे मुद्दाम केले होते. जाहीरनाम्यात खोतीसारख्या जमीनपद्धती मोडण्याचे, कुळांना संरक्षण देण्याचे आणि कामगारांच्या हिताचे कायदे करण्याचे वचन होते. गिरणगावातल्या महार कामगारांपैकी बहुतेक कोकण किंवा देशावरून आलेले, गावी खोताच्या किंवा वतनाच्या कचाट्यात सापडलेली कुटुंबे मागे ठेवलेले. गिरणीतही त्यांना जातीमुळे चांगल्या पगाराच्या विणकर खात्यात काम मिळत नसे, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना ते विटाळाचे वाटे. त्यामुळे या पक्षाचा प्रत्येक मुद्दा त्यांच्या रोजच्या जगण्याला भिडणारा होता. शिवाय परळ हे आंबेडकरांचे स्वतःचे ठिकाण होते. पोयबावडीच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत ते अनेक वर्षे राहिले, त्यांनी काढलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालय परळच्या दामोदर हॉलमध्ये होते. दादरला राजगृह बांधून ते तिकडे राहायला गेले तरी चाळीचाळींतले कार्यकर्त्यांचे जाळे तसेच राहिले.

काँग्रेसने बाळूंना उभे करण्यामागे दोन हिशेब दिसतात. पहिला नावाचा: संयुक्त मतदारसंघात सवर्ण मते काँग्रेसच्या माणसालाच मिळणार, आणि ते नाव बाळूंचे असेल तर ती हमखास. दुसरा जातीचा: मुंबईतल्या अस्पृश्यांत महार संख्येने सर्वांत जास्त आणि आंबेडकरांचा आधार मुख्यतः त्यांच्यात. चांभारांतल्या बऱ्याच पुढाऱ्यांना महारांच्या नेतृत्वाखाली जाणे पसंत नव्हते. काँग्रेसने या दुहीचा उपयोग करून घेतला, असे म्हणणे वावगे नाही. मात्र ही रेघ वाटते तितकी सरळ नव्हती. बहिष्कृत हितकारिणी सभेचे चिटणीस सीताराम शिवतरकर हे चांभारच होते आणि आंबेडकरांच्या चळवळीत पहिल्यापासून राबलेले. जात आणि पक्ष यांचे गणित तेव्हाही पूर्ण जुळत नव्हते.

मतदार कोण होते, हेही पाहायला हवे. १९३५च्या कायद्यानेही प्रौढ मतदान दिले नव्हते. मालमत्ता, भाडे, कर किंवा शिक्षण यांच्या अटी होत्या, अस्पृश्यांसाठी त्या सैल केल्या होत्या. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मताधिकार सुमारे तीन कोटी लोकांना होता. मुसलमान मतदार स्वतंत्र मतदारसंघात मत देत, म्हणजे मदनपुऱ्यातला मुसलमान विणकर भायखळ्यात राहत असूनही या लढतीत मतदार नव्हता. आंबेडकर आणि बाळू यांच्यातला निर्णय सर्वसाधारण मतदारसंघातल्या हिंदू मतदारांच्या हाती होता, आणि त्यांत अस्पृश्य अल्पसंख्य.

मग आंबेडकर जिंकले कसे? उत्तराचा मोठा भाग मतदानाच्या पद्धतीत आहे. राखीव जागा असलेल्या मतदारसंघांतून एकापेक्षा जास्त सदस्य निवडायचे असत आणि जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदाराला मिळत. बहुतेक प्रांतांत ही मते वेगवेगळ्या उमेदवारांना वाटावी लागत. मुंबई प्रांतात मात्र ती साठवून सगळीच्या सगळी एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. समजा, तीन जागा आहेत. मतदाराच्या हाती तीन मते. तो ती तीन जणांना एकेक देऊ शकतो, किंवा तिन्ही एकाच्याच पारड्यात टाकू शकतो. ज्या पक्षाचा मतदारसंघात एकच उमेदवार आहे आणि ज्याचे मतदार शिस्तीने वागतात, त्याला ही पद्धत फार फायद्याची. परळच्या चाळींतल्या महार मतदाराला सांगायचे काम एका वाक्याचे होते: सगळी मते बाबासाहेबांना. काँग्रेसला मात्र आपल्या मतदारांची मते सर्वसाधारण जागांवरचे उमेदवार आणि बाळू यांच्यात वाटून घ्यायची होती. सवर्ण मतदाराने आपली सगळी मते आपल्या जातीच्या किंवा ओळखीच्या काँग्रेस उमेदवाराला दिली, तर पक्षनिष्ठा सांभाळली जाई आणि बाळू मात्र रिकामे राहत.

म्हणूनच १३,२४५ आणि ११,२२५ हे आकडे मतदारांची संख्या म्हणून वाचता येत नाहीत. ती मतांची बेरीज आहे. आंबेडकरांच्या मागे नेमके किती मतदार आणि बाळूंच्या मागे किती, हे त्यातून निघत नाही. बाळूंच्या पराभवाचा अर्थ लावताना हे सहसा विसरले जाते. एका बाजूचे लेखक हा आकडा ‘अस्पृश्यांनी काँग्रेसला नाकारले’ याचा पुरावा म्हणून देतात, दुसऱ्या बाजूचे ‘इतक्या मोठ्या नेत्यालाही बाळूंनी घाम फोडला’ म्हणून. त्यातल्या त्यात ठामपणे सांगता येते ते इतकेच, की आंबेडकरांची मते एकवटलेली होती आणि बाळूंच्या पक्षाची विखुरलेली. पुणे कराराने शेवटचा शब्द बहुसंख्याकांना दिला होता, मुंबईच्या मतपद्धतीने त्यातला थोडा अल्पसंख्याकांना परत दिला. आंबेडकरांना या पद्धतीचे मोल नीट माहीत होते.

बाळूंची बाजूही तितक्याच सहानुभूतीने पाहायला हवी. साठी ओलांडलेला हा माणूस मुरलेला राजकारणी नव्हता. गिरणगावात त्यांची संघटना नव्हती. त्यांच्याजवळ होते ते एक मोठे नाव आणि मिळून-मिसळून राहण्याने फरक पडतो, हा स्वतःच्या आयुष्यावरून आलेला विश्वास. हा विश्वास भाबडा होता, असे म्हणणे सोपे आहे. पण १९२०च्या निवेदनामागे असलेले हेच कुटुंब होते, अपमान मुकाट गिळणारे नव्हे. त्यांच्या विश्वासाची मर्यादा वेगळ्याच ठिकाणी होती. जिमखान्याला जिंकण्यासाठी बाळू हवे होते, म्हणून जिमखाना वाकला. महार गिरणी कामगाराशिवाय कोणाचा सामना अडत नव्हता.

 

प्रांतभर स्वतंत्र मजूर पक्षाने सतरा उमेदवार उभे केले होते, त्यांतले चौदा निवडून आले. एकूण १७५ जागांपैकी जवळजवळ निम्म्या काँग्रेसला मिळाल्या, जुलै १९३७मध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले आणि आंबेडकर विरोधी बाकांवर बसले. सप्टेंबरमध्ये त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर आणला. नोव्हेंबरमध्ये औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांबरोबर एक दिवसाचा संप घडवला. भायखळा-परळच्या मतदारांनी निवडून दिलेला प्रतिनिधी त्याच मतदारांच्या गिरण्या बंद पाडायला रस्त्यावर उतरला, हे काँग्रेसच्या खुर्चीत बसलेल्या बाळूंकडून घडले नसते. त्यांचा स्वभाव पाहता त्यांनी दुसरी कामे केली असती.

१९३७चा निकाल मात्र पुढे टिकला नाही. १९४६च्या निवडणुकीत आंबेडकरांच्या नव्या पक्षाचे, म्हणजे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे, उमेदवार अनेक ठिकाणी प्राथमिक फेरीत पुढे होते आणि अंतिम फेरीत काँग्रेसपुढे पडले. मुंबई प्रांतात पक्षाला एकही जागा मिळाली नाही, आंबेडकरांना घटना समितीत जाण्यासाठी बंगालकडे वळावे लागले. स्वतंत्र भारताच्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत, १९५२मध्ये, ते उत्तर मुंबईतून राखीव जागेवर उभे राहिले. प्रौढ मतदान आले होते, प्राथमिक फेरी आणि मते साठवण्याची मुभा दोन्ही गेल्या होत्या. काँग्रेसचे उमेदवार नारायण काजरोळकर चांभार समाजाचे होते, म्हणजे पंधरा वर्षांपूर्वीची मांडणी तीच, फक्त क्रिकेटपटूच्या जागी पक्षाचा कार्यकर्ता. आंबेडकर चौदा हजारांहून अधिक मतांनी हरले.

बाळू पुन्हा निवडणुकीला उभे राहिले नाहीत. जुलै १९५५मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. क्रिकेटच्या इतिहासातही नंतर बराच काळ त्यांचे नाव अंधुक होते. २००२मध्ये रामचंद्र गुहा यांच्या ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड’ या पुस्तकाने पालवणकर बंधूंची कारकीर्द आणि बाळूंची ही निवडणूक जुन्या वर्तमानपत्रांतून आणि विठ्ठल पालवणकरांच्या मराठी आत्मचरित्रातून पुन्हा वाचकांपुढे आणली.